समोसा बदनाम झाला, पण घरातल्या तेलाचा हिशोब तसाच राहिला

जुलै २०२५ मधली गोष्ट. सकाळी फोन हातात घेतला तर सगळ्या ग्रुपवर एकच बातमी फिरत होती. आता म्हणे समोसा आणि जिलेबीवर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार. बातमीत नागपूरच्या एम्सचं नाव होतं, त्यामुळे आपल्याकडे ती जरा जास्तच पेटली. दुपारपर्यंत मीम यायला लागले. मिसळीच्या तर्रीवर कवटीचं चित्र, वडापावच्या गाडीवर वैधानिक इशारा, आणि "पिझ्झा-बर्गरला कुणी काही बोलत नाही, आमच्या समोशावरच का?" असा रागाचा सूर.

१५ जुलैला केंद्र सरकारकडून खुलासा आला. असा कुठलाही इशारा विक्रेत्यांच्या पदार्थांवर छापायला सांगितलेला नाही आणि भारतीय पदार्थांना वेगळं काढलेलं नाही. बातमी तिथेच विझली, लोकांनी निवांत समोसा खाल्ला आणि विषय संपला.

पण ज्या पत्रावरून हा सगळा गोंधळ झाला त्यात खरं काय होतं, हे फार कमी लोकांनी वाचलं. आणि त्या पत्राने जो प्रश्न विचारायला हवा होता तो पत्रातही नीट नव्हता, मीममध्ये तर नव्हताच. प्रश्न साधा आहे. आपल्या घरात महिन्याला किती तेल लागतं आणि किती लागायला हवं?

आधी पत्राचं बघू.

२१ जून २०२५ ला केंद्रीय आरोग्य सचिवांनी सगळ्या मंत्रालयांना आणि विभागांना एक पत्र पाठवलं. सरकारी कार्यालयांच्या कँटीनमध्ये, लॉबीत, मीटिंगच्या खोल्यांत तेल आणि साखरेचे फलक लावा, म्हणजे आपण रोज जे खातो त्यात तेल किती, साखर किती, हे लोकांना दिसेल. लेटरहेड, पाकिटं, वह्या, फोल्डर यांवर आरोग्याचे संदेश छापा. कँटीनमध्ये फळं-भाज्या वाढवा, गोड पेयं आणि तेलकट नाश्ता कमी करा. लोकांना जिने चढायला लावा, कामातून उठून पाच मिनिटं चालायला लावा. बस, एवढंच. नागपूरच्या एम्सच्या कँटीनमध्ये असे फलक लागणार, यावरून समोसा आणि सिगारेटची जोडी जुळवली गेली.

शाळांमध्ये हे आधीच सुरू झालं होतं. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले आणि जुलैत तेलाचे. त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये प्रत्येकाने तेल १० टक्के कमी करावं असं आवाहन केलं, आनंद महिंद्रा, सुधा मूर्ती, मनू भाकर वगैरे दहा जणांना त्या मोहिमेत ओढलं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरूनही तेलाचा विषय निघाला.

म्हणजे २०२५ हे सगळं वर्ष सरकार तेलाबद्दल बोलत होतं. मग १० टक्के कमी करायचं, पण कशातून १० टक्के? तुम्हाला तुमच्या घरचा आकडा माहीत आहे का? बहुतेकांना नसतो. दूध किती लागतं ते माहीत असतं, गॅस सिलिंडर किती दिवस पुरतो तेही तोंडपाठ असतं. तेलाचं मात्र "संपलं की आणतो".

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे एनआयएन, ही आयसीएमआरच्या हाताखालची संस्था आहे. तिने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना काढल्या. त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या माणसाचं एक ताट दिलंय. भाज्या ४०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, फळं १०० ग्रॅम, शेंगदाणे-बदाम-तीळ असं सगळं मिळून ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम.

२७ ग्रॅम हा आकडा लक्षात ठेवा. चहाच्या छोट्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल बसतं, म्हणजे माणशी दिवसाला सहा चमचे. ऐकायला फार कमी वाटतं, पण थांबा.

चार माणसांचं घर धरा. दिवसाला १०८ ग्रॅम. आता एक साधा दिवस मांडू. सकाळी चौघांचे पोहे, त्यात दोन मोठे चमचे तेल, म्हणजे २८ ग्रॅम. दुपार-संध्याकाळ मिळून भाजी, त्यालाही दोन मोठे चमचे, २८ ग्रॅम. आमटीची फोडणी एक मोठा चमचा, १४ ग्रॅम. बारा घडीच्या पोळ्या, प्रत्येकी अर्धा छोटा चमचा, २७ ग्रॅम. बेरीज झाली ९७ ग्रॅम.

बसलं की! पोहे, पोळी, भाजी, आमटी, सगळं आलं आणि वर ११ ग्रॅम उरले. कुणाची भाजी उकडलेली नाही, कुणाच्या फोडणीतली मोहरी कोरडी तडतडली नाही. म्हणजे "तेल कमी करा" याचा अर्थ "बेचव खा" असा नाहीच मुळी. अडचण अशी की या हिशोबात संध्याकाळच्या चहाबरोबरचं फरसाण नाही, ऑफिसखालचा वडापाव नाही, रविवारची भजी नाहीत आणि भाजीवर तरंगणारा तवंगही नाही. त्यांना जागा फक्त ११ ग्रॅमची, तीही चौघांत मिळून.

फरसाणाचं पाकीट घरात असेल तर उलटं करून मागचा तक्ता वाचा. शेव, भुजिया, वेफर्स यांत १०० ग्रॅममागे साधारण ३५ ते ४० ग्रॅम फॅट लिहिलेलं असतं. गप्पा मारता मारता वाटीभर, म्हणजे ५० ग्रॅम फरसाण गेलं, तर १७ ते २० ग्रॅम तेल पोटात गेलं. दिवसाच्या कोट्याचा दोन तृतीयांश. आणि तक्ता वाचताना आकडा १०० ग्रॅमचा आहे की "प्रति सर्व्हिंग" आहे तेही बघा. सर्व्हिंग २० किंवा ३० ग्रॅमचं धरलेलं असतं. २० ग्रॅम शेव खाऊन पाकिटाला रबर लावणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता महिन्याचा हिशोब करू, कारण रोज चमचे मोजत बसणं कुणाला जमत नाही आणि जमलं तरी आठवड्याने सुटतं. ॲपमध्ये रोजच्या कॅलरी भरणाऱ्यांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पहिले चार दिवस कांद्याची फोडसुद्धा लिहिली जाते, पाचव्या दिवशी लग्न निघतं.

महिन्याचं गणित सोपं आहे. माणशी २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला साधारण ९०० मिली. चौघांच्या घराला साडेतीन लिटर. एकत्र कुटुंबात १५ किलोचा डबा येतो, त्यांनी असं बघा, घरात पाच मोठी माणसं असतील तर तो डबा ११० दिवस जायला हवा. गणपतीत फोडलेला डबा दिवाळी ओलांडून नाताळपर्यंत यायला हवा. तुमच्याकडे किती दिवस पुरतो?

देशाचा आकडा बघितला तर उत्तराचा अंदाज येतो. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागतं. भागाकार करा. दिवसाला ५४ ग्रॅम. एनआयएनच्या आकड्याच्या बरोबर दुप्पट. यात हॉटेलं, फरसाण, बिस्किटं, वाया गेलेलं तेल सगळं धरलंय, त्यामुळे प्रत्येक जण रोज ५४ ग्रॅम पितोय असा अर्थ काढू नका. पण सरासरीच दुप्पट आहे म्हटल्यावर १० टक्क्यांच्या आवाहनाची खोली कळते. ५४ मधून १० टक्के गेले की उरतात साडे अठ्ठेचाळीस. सुरुवात म्हणून ठीक आहे, त्याला मुक्काम समजू नये.

हे लिहायच्या आधी मी आमच्या घरचा हिशोब करून बघितला. आम्ही तिघं. पाच लिटरचा कॅन फोडला तेव्हा झाकणावर मार्करने तारीख टाकली. कॅन ३८ दिवसांत संपला. म्हणजे माणशी दिवसाला ४० ग्रॅम, तेही फक्त घरातलं. मी बाहेर जे चरतो ते वेगळंच. आमच्याकडे तळण फार नसतं, त्यामुळे आपण पुण्यवान आहोत असा माझा समज होता. शोध घेतल्यावर कळलं की तेल जात होतं फोडणीत. तेलाचं भांडं तिरकं करायचं आणि "झालं वाटतं" म्हणेपर्यंत ओतायचं, असा प्रकार होता. मग भांड्याजवळ एक मोठा चमचा टांगला. दुसरं काही केलं नाही.

मग तेल कुठलं वापरायचं?

या विषयावर कुठेही बोला, पहिला प्रश्न हाच येतो. किती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सूर्यफूल की शेंगदाणा, रिफाइंड की लाकडी घाण्याचं, तेल की तूप? रीळवर तर याचं युद्धच चालू असतं. अमेरिकेतून आलेली एक लाट सांगते की बियांचं तेल म्हणजे विष, दुसरी सांगते तूप म्हणजे हार्ट अटॅक, आणि मधल्या मध्ये घाण्याचं तेल ३०० रुपयांच्या वर विकलं जातं.

एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. घाण्याचं असो, रिफाइंड असो, ऑलिव्ह असो की साजूक तूप असो, थोड्याफार फरकाने हा आकडा तोच. घाण्याच्या तेलाला वास आणि चव चांगली असते आणि परवडत असेल तर ते खुशाल वापरावं. पण ते "शुद्ध" आहे म्हणून दुप्पट ओतलं तर पोटाला शुद्धतेचं कौतुक नसतं. पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं असतं त्यालाही भुलू नका. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून येणाऱ्या पदार्थांत असतं. शेंगदाण्याच्या तेलात ते कधी नव्हतंच, त्यामुळे ते काढून टाकल्याचं श्रेय कंपनीला द्यायचं काही कारण नाही.

एनआयएनचं म्हणणं असं की एकाच तेलाला चिकटून बसू नका, आलटून पालटून वापरा, कारण प्रत्येक तेलात चरबीचे प्रकार वेगळ्या प्रमाणात असतात. आपल्याकडे हे नवीन नाही. शेंगदाणा, करडई, तीळ ही तेलं महाराष्ट्रात होतीच. जवसाची आणि कारळ्याची चटणी ज्या घरात होते त्या घराला ओमेगा-३ च्या गोळ्यांची जाहिरात बघताना हसू यायला हरकत नाही. जवसात ते भरपूर असतं.

शेंगदाण्याच्या कुटाबद्दल मात्र एक बोलायला हवं. आपल्या भाज्यांत, कोशिंबिरीत, साबुदाण्यात कूट मुठीने पडतं आणि ते तेलात धरलं जात नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मं वजन तेलाचंच असतं. एनआयएनच्या ताटात त्याची वेगळी जागा आहे, ३५ ग्रॅमची, आणि शेंगदाणे चांगलेच आहेत. पण भाजीत कूट भरपूर असेल तर फोडणी निम्मी चालते, हे एकदा करून बघा.

आणि तळणाचं तेल. दिवाळीला चकल्या झाल्या की कढईत अर्धा लिटर तेल उरतं आणि ते टाकवत नाही. एनआयएन सांगते की ते गाळून भाजीला वापरा, एक-दोन दिवसांत संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका. हॉटेलांसाठी तर नियमच आहे. तेल तापून तापून त्यात जे घटक तयार होतात त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरता येत नाही. गाडीवरच्या कढईत ते किती आहे, हे मोजायला कुणी येत नाही हा भाग वेगळा. काळपट झालेलं, फेस येणारं, उग्र वासाचं तेल दिसलं की पुढच्या गाडीवर जा, एवढं आपल्या हातात आहे.

सरकार एका हाताने पाटी लावतं, दुसऱ्या हाताने?

इथे जरा अर्थकारणात डोकवावं लागेल, कारण तेलाची किंमत आणि तेलाचं प्रमाण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलकडून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनच्या बाजूने. फरसाण, बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स यांच्या पाकिटांवर घटकांची यादी वाचली तर "पामोलिन" किंवा "पाम तेल" बहुतेक वेळा सापडतं. ते स्वस्त पडतं, टिकतं, आणि तळायला बरं.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं. त्याआधी ते शून्य होतं. कारण उघड होतं. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि लातूर, विदर्भातल्या बाजारात शेतकऱ्याच्या हातात त्यापेक्षा बरेच कमी पडत होते. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती. बाहेरचं तेल महाग झालं की इथल्या सोयाबीनला उठाव मिळेल, असा तो हिशोब. तेल महागलं, सोयाबीनचा भाव काही हमीभावापर्यंत पोचला नाही. मग ३० मे २०२५ ला हेच शुल्क १० टक्क्यांवर आणलं, म्हणजे घरातलं तेल स्वस्त व्हावं.

तारखा जुळवून बघा. मेच्या शेवटी तेल स्वस्त करायचा निर्णय, जूनमध्ये तेल कमी खा म्हणणारं पत्र. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजू शकतो, महागाईचा चटका सामान्य माणसालाच बसतो. पण लोकांनी काय खावं हे पाटीपेक्षा बाजारभाव जास्त ठरवतो, आणि तिथे आरोग्य खात्याला कुणी विचारत नाही.

दुसरा मुद्दा पाकिटांचा. समोसावाल्यांच्या बाजूने जो राग निघाला तो इथे खरा ठरतो. पाकिटाच्या दर्शनी बाजूला मीठ, साखर, फॅट किती ते ठळक लिहावं, यावर एफएसएसएआयने २०२२ मध्ये मसुदा काढला होता, ताऱ्यांचं रेटिंग देणारा. त्यावर वाद झाला, कारण ताऱ्यांनी इशारा मिळत नाही, उलट दीड तारा मिळालेलं पाकीटही बक्षीस मिळाल्यासारखं दिसतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत नियम ठरवायला सांगितलं, जुलैत पुन्हा तीन महिने वाढवून दिले.

चिलीमध्ये २०१६ साली काय केलं ते बघा. साखर, मीठ, फॅट जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का, मुलांना दिसतील अशा जाहिरातींवर बंधनं, शाळांत विक्री बंद. पहिल्या टप्प्यानंतर अशा गोड पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी कमी झाली. एक पाटी कँटीनच्या भिंतीवर लावणं आणि लाखो पाकिटांच्या तोंडावर शिक्का मारणं, यात दुसरं काम अवघड आहे, कारण तिथे समोर समोसावाला नसतो, कंपन्यांचे वकील असतात. आपण सोपं काम आधी केलं.

हा सल्ला सगळ्यांना आहे का?

नाही. आणि याबद्दल फार कमी बोललं जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. त्याच पाहणीत १८.७ टक्के बायका गरजेपेक्षा कमी वजनाच्या निघाल्या. एकाच देशात, एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात या दोघी राहतात. ऊसतोडीला पहाटे तीनला उठणाऱ्या, भाकरी-ठेच्यावर दिवस काढणाऱ्या बाईला "तेल कमी खा" सांगणं हा विनोद आहे. तिच्या ताटात तेल, डाळ, दूध सगळंच वाढायला हवं. वाढत्या वयाची बारीक मुलं, आजारपणातून उठलेली माणसं, वजन घटत चाललेले म्हातारे आई-वडील, यांच्या ताटातलं तूप काढून घेऊ नका.

मग कुणाला? घरात कपडे शिवायची मेजर टेप असेल तर ती काढा आणि कमरेचा घेर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही रेघ धरतात. त्याच्या वर असाल तर हा सगळा लेख तुमच्यासाठी आहे. वजनकाटा कधी कधी फसवतो, हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी ठेवण आपल्याकडे भरपूर. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत सापडला, आणि मधुमेह असलेल्यांचा अंदाज १० कोटींच्या वर गेला.

त्याच अभ्यासातून २०२५ मध्ये आलेली दुसरी माहिती सांगते की आपल्या कॅलरींपैकी ६२ टक्के कॅलरी पिठूळ पदार्थांतून येतात. भात, पोळी, साखर, मैदा. त्यामुळे तेल कमी केलं आणि त्या जागी भाताची आणखी एक मूद घेतली, तर हाती काही लागत नाही. २५० ग्रॅम धान्य म्हणजे कच्चं वजन, दिवसभराच्या पोळ्या, भात, पोहे, बिस्किटं सगळं धरून. कमी करायचं ते तेल आणि भात, वाढवायची ती डाळ आणि भाजी. साखरेचंही असंच. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. ३०० मिलीच्या एका कोल्ड्रिंकमध्येच ३० ग्रॅमच्या आसपास असते.

"मी चालून जिरवतो" म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. साठ-सत्तर किलोच्या माणसाने तासभर भरभर चाललं तर दोनशे-अडीचशे कॅलरी जातात. बटाटेवडा आणि पाव मिळून त्याहून जास्त होतात. चाला, जरूर चाला, आठवड्याला दीडशे मिनिटं चालाच. हृदयाला, साखरेला, झोपेला त्याचा फायदा आहेच. पण चालणं म्हणजे वडापावची पावती नाही.

आता शेवटचा अवघड भाग. तेल कमी करायचं ठरलं की घरात ते काम कुणाच्या गळ्यात पडतं? जी स्वयंपाक करते तिच्या. भाजीत तेल कमी पडलं की "आज काय दवाखान्याचं जेवण आहे का?" हे तिनेच ऐकायचं. आणि असं म्हणणारा माणूस पाच वाजता ऑफिसखाली भजी खाऊन आलेला असतो. वरचं गणित पुन्हा बघा. घरचं साधं जेवण ९७ ग्रॅममध्ये बसत होतं. त्यामुळे फोडणीवर टीका करण्याआधी बाहेरचं तळण आणि कपाटातलं फरसाण यांचा हिशोब लावावा. आठवड्यात पाच वडापाव होत असतील तर ते दोनवर आणणं हे घरातल्या कुणालाही त्रास न देता होणारं काम आहे. फरसाण किलोने न आणता पावशेर आणावं, संपलं की पुढच्या महिन्यापर्यंत नाही.

तेलाचं पाउच घेताना वजन वाचा, कारण सारख्याच दिसणाऱ्या पाउचमध्ये कधी लिटर असतं, कधी त्याहून बरंच कमी, आणि मग महिन्याचा हिशोब चुकतो. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं.

आमचा दुसरा कॅन अजून चालू आहे. आज पंचेचाळिसावा दिवस आहे आणि तळाशी तीन बोटं तेल दिसतंय. मुलाचा वाढदिवस मात्र रविवारी आहे आणि त्याने पुऱ्या सांगितल्यात.